बोगनवेल, मेथी आणि दादांचा अंगठा

जाहीर नोटीस. तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की, नाशिक शहरातील एका रो-हाऊसच्या दक्षिण अंगास असलेली, चौदा फूट लांब व दहा फूट रुंद अशी मोकळी जागा, तीवरील विटांचे तुकडे, हरळी, गोगलगाई व एक बोगनवेल यांसह, हिवाळी भाजीपाल्याच्या लागवडीसाठी बळाचा वापर करून ताब्यात घेण्यात येत आहे. सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, वहिवाट अगर प्रेम असल्यास त्यांनी सात दिवसांचे आत लेखी हरकत घ्यावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही आणि हरकतदाराच्या जिवाची हमी दिली जाणार नाही.

ही नोटीस मी स्वतः लिहून घटस्थापनेच्या सकाळी फ्रिजवर चिकटवली. हरकत फक्त एकाच माणसाची येणार होती, आणि तो माझा नवरा होता. बोगनवेल त्याची. घराचा ताबा मिळाला त्या दिवशी त्याने लावलेली, आता भिंत ओलांडून गच्चीपर्यंत चढलेली, आणि थंडीतलं दक्षिणेकडून येणारं तिरपं ऊन सगळंच्या सगळं स्वतः पिऊन टाकणारी. तिच्या सावलीत मी तीन हिवाळे मेथी लावली होती आणि तिन्ही हिवाळे तिसऱ्या मजल्यावर चढायला निघाल्यासारख्या पांढऱ्याफटक, लांबुळक्या काड्या खुडल्या होत्या. नवऱ्याने नोटीस वाचली, खाली पेनाने ‘हरकत आहे’ असं लिहिलं आणि सही केली. तो बँकेत आहे. सहीखाली तारीखही घातली.

पण या वर्षी माझ्या बाजूने सैन्य होतं. माझे सासरे.

सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणतात, मीही. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून ते खाली आले ते थेट उजव्या मनगटावर. हाड प्लेट टाकून जुळलं, पण मनगटातली शीर दुखावली होती. अंगठा आणि शेजारचं बोट दोन्ही सुन्न. डॉक्टर म्हणाले, शीर हळूहळू वाढते, बोटांत जाणीव येईल तेव्हा येईल. व्यायामासाठी दादा आमच्याकडे आले आणि सहा महिने झाले तरी बोटं काही जागी होईनात.

आता द्राक्षवाल्याला अंगठा कशाला लागतो ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की एका अंगठ्यासाठी एवढा काय तमाशा. पावसाळा सरला की बागेची छाटणी होते, तिला गोडी छाटणी म्हणतात. प्रत्येक वेलीच्या काडीवर डोळे असतात, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. कितव्या डोळ्यावर काडी कापायची यावर वर्षभराचा माल ठरतो. इतर लोक वाकून, बघून मोजतात. दादा बघत नाहीत. काडीवरून अंगठा फिरवतात, एकीकडे कोणाला तरी शिव्या देत असतात, अंगठ्याला डोळे लागत जातात आणि कात्री बरोबर जागी वाजते. चाळीस वर्षं हे असंच चाललेलं. पंचक्रोशीतले लोक त्यांना छाटणीच्या पहिल्या दिवशी बोलवायचे, नुसतं एका ओळीत हात फिरवून दाखवायला.

माझ्या दिराने, म्हणजे दादांच्या धाकट्या मुलाने, फोनवर सरळ सांगितलं होतं. “कोजागिरी झाली की छाटणी धरतोय. डोळा बोटाला लागायला लागला तर सांगा, गाडी घेऊन येतो. नाहीतर तिथंच आराम करा.”

आराम हा शब्द ऐकून दादांनी फोन कॉटवर फेकला. नशिबाने कॉटवर.

तर दादांकडे पंधरा दिवस होते, माझ्याकडे चौदा बाय दहा फूट. दोघांची गरज एकमेकांना पूरक आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. फिजिओथेरपीवाली मुलगी त्यांना एक पिवळा रबरी चेंडू देऊन गेली होती, तो दिवसातून शंभर वेळा दाबायचा. दादा तो चेंडू असा दाबायचे की जणू त्याने त्यांचा बांध कोरला आहे. मी चेंडू काढून घेतला आणि हातात कुदळ दिली.

“हे दाबा,” म्हटलं.

पहिल्या घावाला कुदळीतून ठिणगी उडाली. आमच्या मातीखाली बिल्डरचं सगळं पाप पुरलेलं होतं. विटा, फरशीचे तुकडे, सिमेंटची गोठलेली पोती, एक आख्खी वाकडी सळई. दादा डाव्या हाताने घाव घालायचे, उजवा हात नुसता सोबतीला. घसरला की शिवी. दगड लागला की शिवी. हरळीची मुळी सापडली की शिव्यांची माळ, कारण हरळी तोडली की दोन ठिकाणी उगवते. ती उपटून, सिमेंटच्या ओट्यावर उन्हात आपटून, वाळवून जाळायची. आम्ही ती आपटली, वाळवली आणि जाळली. मातीतून हुमणीच्या पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या निघाल्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या. दादांनी त्या बुटाखाली एकेक अशा चिरडल्या की ‘पच्’ आवाजावर मोजणी करता येत होती. मी गोगलगाईंची जबाबदारी घेतली. भिंतीच्या फटीतून मोठमोठ्या शंखाच्या गोगलगाई येतात, एका रात्रीत रोपांची पानं साफ. बादलीत मिठाचं पाणी केलं आणि एकेकीला आत सोडलं. त्या फेसाळल्या. मी बाई मध्यमवयीन, कथाकीर्तनाला जाणारी, पण खोटं का बोलू, मला मजा आली.

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकं काढलं. हातात झारा होता. “सगळं ठीक आहे ना? सकाळपासून मारा, ठेचा, उपटा असं ऐकू येतंय.”

“ठीक कसलं!” दादा ओरडले. “मुळासकट मरत नाय हिच्यायला!”

काकू झाऱ्यासकट खाली गेल्या.

द्राक्षवाल्यांची भाषाच तशी आहे हे त्यांना कोण सांगणार? डोळा फोडायचा असतो. शेंडा मारायचा असतो. वांझ फूट उपटून फेकायची असते. पाणी तोडून वेलीला ताण द्यायचा असतो. एवढं सगळं करून ज्या छाटणीने वेल बोडकी होते तिचं नाव मात्र गोडी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाई आणि दादा ओसरीवर शांतपणे बोलत होते, ‘उद्या तिचा शेंडा मारून टाकू, फार वाढलीये.’ मी रात्रभर झोपले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी गंमत थांबली. मी गॅसवरून उतरवलेला चहा स्टीलच्या पेल्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवला. दादा काहीतरी सांगत होते, मजूर कसे आळशी झालेत वगैरे, आणि बोलता बोलता त्यांनी पेला उजव्या हाताने उचलला. आणि धरून ठेवला. मी बघत होते. पेल्यातून वाफ येत होती, माझ्याच्याने त्या पेल्याला पदर लावूनही हात लावला गेला नसता, आणि दादा तो धरून मजुरांबद्दल बोलत होते. मी किंचाळले. त्यांनी पेला खाली ठेवला, अंगठा उलटा करून बघितला. बघता बघता त्यावर फोड आला, थॉमसन द्राक्षाएवढा, पारदर्शक.

“हे बघ,” ते म्हणाले. “माल धरला.”

हसायचं होतं, म्हणून मी हसले. त्यांनी अंगठा दुसऱ्या हाताने धरून असा फिरवून पाहिला की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि इथे चुकून राहिलाय.

फोड बांधला. दुसऱ्या दिवशी परत कुदळ.

माती भुसभुशीत झाली, गावाकडून आणलेलं शेणखत घातलं, आणि आता सपाट वाफे करायचे म्हणून मी दोरी आणायला आत गेले. बाहेर आले तर दादांनी गुडघ्याएवढे उंच दोन लांब बोद, म्हणजे मातीचे वरंबे, ओढून ठेवलेले. द्राक्षाच्या ओळीला करतात तसे.

“दादा, मेथी लावायचीये.”

“मग?”

“मेथीला बोद कोण करतं?”

“पाणी निचरलं पायजे का नको?”

बोदावर मेथी पेरली. काय करणार? चौथ्या दिवशी हिरवी रेघ उमटली, इतकी सरळ आणि दाट की मी नवऱ्याला फोटो काढायला लावले. मला दोन दिवस माहेरी जावं लागलं. जाताना सांगून गेले, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी द्या. परत आले तर बोदावर वाळलेल्या गवतासारखं काहीतरी आडवं पडलेलं. ऑक्टोबरचं ऊन नाशिकमध्ये चटके देतं हे काय सांगायला हवं! दोन दिवसांत एक थेंबही पाणी दिलेलं नव्हतं.

“काय केलंत हे?”

“ताण दिला,” दादा म्हणाले.

“मेथीला?”

“ताण दिल्याशिवाय माल येत नाय. पानं जरा पिवळी पडली पायजेत, मग पाणी सोडायचं. एकदम फुटते.”

“दादा, ती मेथी आहे! ती पानंच आपण खातो!”

“मग मेथीला शिस्त नको?”

मी हातातली पिशवी जमिनीवर आपटली. त्यात माहेरचं लोणचं होतं, ती बरणी फुटली. बोदावर तेल गेलं. मी ओरडले, ते ओरडले, काकूंचं डोकं भिंतीवर आलं आणि न बोलता खाली गेलं. मी म्हणाले की तुमच्या हाताला काही कळत नाही, आणि ते वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते दोन्ही हातांनी परत ओढून घ्यावंसं वाटलं.  दादांनी उजवा हात शर्टाच्या खिशात घातला आणि ते आत गेले.

माझ्यासारख्या बडबड्या बाईने आयुष्यात दोनदाच माफी मागितली आहे. ती एक वेळ. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, “मेथी परत पेर. पण आधी ती सवत काढ.”

सवत म्हणजे बोगनवेल. फ्लॉवरची रोपं मी नर्सरीतून आणून ठेवली होती, ती ट्रेमध्ये लांबत चालली होती. वाटाण्याचं बी ओल्या फडक्यात मोड काढून बसलं होतं. पालक, मुळा, गाजर, सगळ्यांच्या पुड्या ओळीने. ऊन मिळाल्याशिवाय यातलं काहीच उभं राहणार नव्हतं. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “तिला हात लावायचा नाही.” द्राक्षवाल्याचा मोठा मुलगा, पण लहानपणी छाटणीच्या दिवशी रडायचा असं सासूबाई सांगतात. फांदी तुटल्याचा आवाज त्याला सहन होत नाही. म्हणून तो बँकेत गेला. तिथे तुटलेलं काही दिसत नाही.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याला बँकेच्या कसल्यातरी ट्रेनिंगला दिवसभर जायचं होतं. गेट बंद झालं, स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला आणि दादांनी कोयता मागितला.

बोगनवेल मारणं ही साधी गोष्ट नाही, हे मी आता अधिकाराने सांगू शकते. ती मरताना ओरबाडते. वरची फांदी कापली की ती सरळ खाली न पडता फिरून तुमच्या पाठीवर येते. मी जाड गोणपाट पांघरलं होतं तरी माझ्या दंडावर, मानेवर, कानामागे रेघा उमटल्या. साडी अडकली, फाटली. दादांनी कोयत्याने बुंधा तासायला सुरुवात केली, घाव, घाव, घाव, आणि प्रत्येक घावाला गुलाबी पानं अंगावर गळत होती, लग्नात उधळल्यासारखी. शेवटी बुंधा कडकडला. वेल भिंतीवरून सरकत, गेटची जाळी खरवडत, माझ्या कुंड्या फोडत अंगणात आडवी झाली. जमिनीवर एकदम ऊन आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी नाचले. खरंच नाचले, गोणपाटासकट.

मग मला दादांच्या हातावर रक्त दिसलं. उजवा तळहात पूर्ण लाल. त्यांनी हातमोजे घातले नव्हते आणि नुसत्या हाताने फांद्या ओढल्या होत्या. मी त्यांना पायरीवर बसवलं आणि चिमट्याने काटे काढायला लागले. तळहातात एक, मधल्या बोटात एक. तिथे त्यांनी तोंड वाकडं केलं. मग अंगठ्याशेजारच्या बोटात दोन. मी चिमटा आत घालून फिरवला, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. काही नाही. अंगठ्यात एक होता, चांगला खोल. मी तो जाणूनबुजून हळू काढला. मुद्दाम जरा दाबला. वाईट वाटलं, पण दाबला.

“लागलं?”

“कायबी नाय.”

 समोर वेल पडलेली होती.

तेवढ्यात गेटवर पिकअप वाजली. दीर आला होता, शेणखताची शेवटची गोणी आणि सासूबाईंनी पाठवलेलं काहीबाही घेऊन. आत येऊन त्याने अंगण बघितलं, वडलांचा हात बघितला आणि म्हणाला, “वहिनी, काय, खून पाडला का?”

“एक,” मी म्हटलं. “दुसरा संध्याकाळी पडेल, तुमचे भाऊ आल्यावर.”

तो हसला, पण बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, “दादा, परवापासून धरतोय. मजूर ठरले. पेठकडची टोळी येणार हाय. तुम्ही इथंच राहा ह्या वर्षी.”

“मी येतो,” दादा म्हणाले. “ओळीत उभा राहीन. नुसतं सांगंन.”

“सांगून काय होतंय? डोळा तुम्हाला कळत नाय. मागच्या महिन्यात बाग बघायला आलात तेव्हा तीन काड्या भलत्याच डोळ्यावर कापल्या. मजूर हसले. मला नाय आवडलं ते.”

मी काहीतरी बोलणार होते, पण दादा उठले होते. त्यांच्या डोळ्यांत मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं तसं काहीतरी होतं. ते सरळ बुंध्यापाशी गेले. मुळी अजून जमिनीत होती, वर हातभर खुंट काट्यांसकट. त्यांनी तो खुंट उजव्या हाताने धरला, नुसत्या हाताने, आणि ओढायला सुरुवात केली. दाताखाली ओठ. पाय माती खणत मागे सरकत होते.

“दादा, सोडा! हात फाटंल!” दिराने मागून कमरेला मिठी मारली. ओढाओढ सुरू झाली. मी कुदळ घेऊन मुळीवर घाव घालायला लागले, कारण मला वाटलं की ही मुळी निघाली तरच हे थांबणार. तिघं मिळून आम्ही ती चौदा बाय दहा फुटांची जागा अशी तुडवली की दोन्ही बोद गायब झाले. दादा शिव्या देत होते, मुळीला, ट्रॉलीला, त्या शिरेला, धाकट्या मुलाला आणि त्याच्या मजुरांना. मुळी तडकली. दीर दादांसकट पाठीवर पडला, आणि मुळी त्या दोघांच्या अंगावर.

बरोबर त्याच क्षणी गेट उघडलं. ट्रेनिंग अर्ध्या दिवसात आटोपलं होतं. माझा नवरा हेल्मेट हातात घेऊन उभा. त्याने भिंत पाहिली. बोडकी. अंगण पाहिलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग त्याने हेल्मेट जमिनीवर असं आपटलं की काच निखळली. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्याला काही आपटताना पाहिलेलं नव्हतं.

“कोणी तोडली?” तो ओरडला. “कोणी तोडली माझी वेल?”

आणि त्याच वेळी दादा किंचाळले. मोठ्ठ्याने, लहान पोर किंचाळतं तसं. “आयाई गंऽऽ!”

सगळे थांबले. दादा मातीत बसून उजव्या हाताकडे बघत होते. अंगठ्याच्या पेरात एक काटा तुटून उभा होता, आजूबाजूने रक्त. दीर घाबरला, “दाखवा, काढतो,” म्हणून पुढे झाला, तर दादांनी त्याला पायाने ढकललं.

“हात लावू नको! राहू दे तसाच!” त्यांनी काट्याच्या टोकावर डाव्या हाताने हळूच टिचकी मारली. परत किंचाळले. डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडभर हसू. परत टिचकी मारली. “आयला! लय दुखतंय! पोरी, लय दुखतंय!”

मी कुदळ टाकली आणि टाळ्या वाजवायला लागले. भिंतीवरून काकू म्हणाल्या, “अहो, त्यांना लागलंय!” पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ होता? दिराच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग तोही मातीत खाली बसला, वडलांच्या समोर, आणि तोंडावर हात धरून राहिला.

नवरा मात्र अजून वेलीपाशी उभा होता. डोळे भरलेले, एक तुटकी फांदी हातात. फांदीला काटे होते. दादांनी त्याच्याकडे बघितलं, उजवा हात पुढे केला, अंगठा बाजूला घेतला आणि शेजारचं बोट, ते अजून सुन्न असलेलं, ताठ उभं करून ओरडले, “तुझी वेल मी तोडली ना? राग आलाय ना? मग उभा काय राह्यलास, ह्या बोटात टोच, चांगला जोरात!”